डकआजीचं इंग्रजी

डार्विनला आम्ही आलो ते नवऱ्याच्या गॅस प्रोजेक्टच्या नोकरीमुळे. सिडनीत, क्वेकर्स हिलला, आम्ही काही वर्षं काढली होती. तिथे कोपऱ्यावर इंडियन ग्रोसरी होती, गणपतीला मंडळ होतं, आणि ट्रेन घराजवळ असल्यामुळे मी गाडी शिकायचं सतत पुढे ढकलत आले होते. डार्विनला उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे गाडीशिवाय माणूस म्हणजे घरात ठेवलेली खुर्ची. बस होती, पण ती तिच्या मर्जीची. त्यात नवरा साइटवर गेला की तीन-तीन आठवडे परत यायचा नाही. घरात मी आणि तीन वर्षांची मुलगी. दूध संपलं तरी टळटळीत उन्हात चालत जायचं.

आम्ही एका जोडघरात राहत होतो. मधे एकच भिंत, मागे मात्र दोघांचं मिळून एकच अंगण. पलीकडच्या भागात एक बाई एकट्या राहायच्या. सत्तरीच्या आतबाहेरच्या, उंच, काटक, उन्हाने रापलेल्या. आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी मागे कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्या दोरीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "एय अप, मी डक!"

मी हसून "हॅलो" म्हटलं. डक म्हणजे बदक एवढंच मला कळलं. फोनवर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, डक म्हणजे शून्यावर आउट. तू काय केलंस त्यांचं?"

पण त्या रोजच म्हणायच्या. मलाही डक, मुलीलाही डक, पोस्टमनच्या मागे धावणाऱ्या कुत्र्यालाही डक. हळूहळू कळलं की एय अप म्हणजे हॅलो, मी म्हणजे माय, आणि डक म्हणजे आपलं लाडाचं "बाळा". मुलीला वाटलं त्यांचं नावच डक आहे. त्यांनी मला त्यांच्या नावाने हाक मारायला सांगितलं होतं, पण आईच्या वयाच्या बाईला एकेरी नाव घेऊन बोलवायला माझी जीभ रेटेना. मुलीने परस्पर तो प्रश्न सोडवला. ती त्यांना डकआजी म्हणायला लागली. मग आमच्या घरात त्या डकआजीच झाल्या आणि बघता बघता "त्या"च्या "ती" झाल्या.

गाडी शिकवायचा पहिला प्रयत्न नवऱ्याने केला. लर्नर्सची लेखी परीक्षा मी पास झाले होते, एक जुनी पांढरी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती, तिच्यावर पिवळी एलची पाटीही लागली होती. पण नवऱ्याकडून गाडी शिकू नये हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. गेटमधून बाहेर पडायच्या आधीच आमचं भांडण जुंपलं. तो म्हणे, "आरशात बघ," मी म्हणे, "बघतेय ना," तो म्हणे, "दुसऱ्या आरशात." शेवटी मी किल्ली काढून त्याच्या मांडीवर टाकली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. डकआजी व्हरांड्यात मटारच्या शेंगा सोलत होती. तिने टोपलं खाली ठेवलं, आली, आणि नवऱ्याच्या बाजूचं दार उघडून त्याला म्हणाली, "तू उतर. जा, चहा कर. हिला मी शिकवते."

तो इतका आनंदाने उतरला की मला त्याचाही राग आला.

तिने बराच काळ शाळेची बस चालवली होती. आवाज न चढवता शिकवायची तिची पद्धत होती. मी ब्रेक जोरात दाबला तर फक्त म्हणायची, "डक, खाली मुंगी नाहीये." आणि शिकवता शिकवता तिचे शब्द माझ्या कानात जात राहिले. दोन घरांच्या मधली अरुंद पायवाट म्हणजे जिटी. तिथून पोरं सायकलवर सुसाट बाहेर येतात, म्हणून "जिटी आली की पाय ब्रेकवर." निघताना ती दोघींसाठी काहीतरी खायला घ्यायची. त्या डब्याला ती स्नॅप म्हणायची. मुलगी मागच्या सीटवर कंटाळून कुरकुर करायला लागली की म्हणायची, "झाली का मार्डी?" आणि घरी आल्यावर, "बस, चहा मॅश करते." म्हणजे किटलीत पत्ती घालून, वर लोकरी टोपडं चढवून, चहा नीट मुरेपर्यंत थांबणं. घाई केलेली तिला चालायची नाही.

कोरड्या मोसमात डार्विनची सकाळ जरा गार होते. सिडनीत मी याहून कितीतरी जास्त थंडी काढली होती, पण वर्षभर त्या उकाड्यात राहून माझी सवय मोडली होती. एका सकाळी मी स्वेटर घालून गाडीत बसले तर ती खो खो हसली. "नेश झालीस गं तू!" नेश म्हणजे थंडी न सोसणारा माणूस. एका शब्दात काम. मला तो शब्द फार आवडला.

मी हे सगळं इंग्रजी म्हणूनच शिकत होते, हे इथे सांगायला हवं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. माझं इंग्रजी पुस्तकातून, मग पुण्याच्या ऑफिसातून, मग सिडनीतून आलेलं. त्यात मला माहीत नसलेले शब्द असणार हे मी धरूनच चालले होते. ऑस्ट्रेलियात आल्यावर आर्वो म्हणजे दुपार आणि सर्व्हो म्हणजे पेट्रोलपंप हे शिकलेच होते ना. तशीच मार्डी, नेश, मॅशची भर पडली. एक बाई इंग्रजीत जन्मली, वाढली, तर ती बोलते ते इंग्रजीच असणार. मी अर्थ विचारायची, दोनदा मनात घोळवायची आणि वापरायला लागायची.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आम्ही समुद्राकडच्या रस्त्याला होतो. समोर आभाळ शाईसारखं झालं होतं. डकआजी काचेतून बघत म्हणाली, "बिलच्या आईकडे काळं झालंय."

मी घाबरले. म्हटलं, "बिल कोण? त्यांच्या आई एकट्या असतात का? फोन करायचा का, खिडक्या लावून घ्या म्हणून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "गाडी बाजूला घे, डक, नाहीतर मी मरते." मी गाडी कडेला घेतली. तेवढ्यात पाऊस कोसळला, वायपरला काही सुधरेना, आणि त्या आवाजात ती मला ओरडून सांगत होती की बिल असा कोणी नाहीये, त्याची आईही नाही, तिकडे आभाळ भरून आलं की असं म्हणतात, कोण बिल ते तिच्या आजीलाही ठाऊक नव्हतं. मागून मुलगी विचारत होती, "इज शी डेड?" आणि आम्ही दोघी हसत होतो. घर सोडल्यापासून मी कोणाबरोबर अशी पोट धरून हसले नव्हते.

पहिल्या टेस्टला मी नापास झाले. रस्त्यात मॅगपाय गीज, म्हणजे इथली काळी-पांढरी रानबदकं, उभी होती. त्यांच्यासाठी थांबले ते बरोबर, पण ती गेल्यावरही थांबूनच राहिले. दुसऱ्यांदा पास झाले. डकआजीने त्या दिवशी गोल पाव आणून, चीज-कांदा भरून पार्टी केली.

लायसन्स आल्यावर मी नोकरी शोधायला लागले. एका हॉस्पिटलच्या ओपीडीत अपॉइंटमेंटच्या काउंटरवर जागा होती. इंटरव्ह्यूला समोर तिघं होते. सगळं बरं चाललं होतं. मग त्यांच्यातल्या एकीने विचारलं, खूप वेळ थांबलेला पेशंट चिडून आरडाओरडा करायला लागला तर काय कराल?

मी अगदी आत्मविश्वासाने उत्तर दिलं. आधी त्याला बोलू देईन. वाट बघून माणूस मार्डी होणारच. वयस्कर लोक नेश असतात, वेटिंग रूममध्ये एसी फार असतो, तर एखादं ब्लँकेट आणून देईन. जमलं तर चहा मॅश करून देईन.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यात तरुण मुलगा होता, तो अदबीने म्हणाला, "सॉरी, ते इंडियन शब्द आहेत का?"

मी म्हटलं, "नाही. इंग्रजी आहेत."

"हो का," तो म्हणाला, आणि तिघांनी काहीतरी लिहून घेतलं.

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी फोनवर ते शब्द शोधले. इंग्लंडच्या मधल्या भागातली, खाणींच्या गावांकडची बोली, असं काहीसं लिहिलेलं होतं. माझे कान तापले. हे कान तापणं मला ओळखीचं होतं.

मी मूळची वऱ्हाडातली, अकोल्याजवळच्या एका गावची. शिकायला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलच्या मुलींबरोबर भाजी घ्यायला गेले होते. भाजीवाल्याला विचारलं, "सांबार कसं दिलं?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीवाला म्हणाला, "ताई, सांबार उडप्याकडे मिळेल." मुली फुटल्याच. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यातल्या दोघी आजही माझ्या जिवलग आहेत. पण पुढचं वर्षभर माझं नाव सांबार पडलं, आणि मी बोलणं घासूनपुसून घेतलं. "मले"चं "मला" झालं, "काय करून राह्यली"चं "काय करतेस" झालं. इतकं चांगलं जमलं की लग्नाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "वाटत नाही हो तिकडची." ती शाबासकी होती आणि मीही ती तशीच घेतली. पुढे वऱ्हाडी उरली ती फक्त आईशी फोनवर, आणि तीही अंगणात जाऊन.

नोकरी गेली असंच मी धरलं होतं. पण काही दिवसांनी फोन आला. नोकरी मिळाली होती. फोनवरची बाई, जी पुढे माझी बॉस झाली, हसत म्हणाली, "तुझ्या त्या मार्डीवरून आमचा सगळा लंच गेला. आता इथे सगळे एकमेकांना मार्डी म्हणतात."

मी ते सांगायला डकआजीकडे निघाले. तिच्या दारात प्लंबर उभा होता आणि ती त्याच्याशी बोलत होती. मी पायरीवरच थांबले. ती त्याच्याशी एकदम ऑस्ट्रेलियन बोलत होती. "नो वरीज, मेट. दिस आर्वोज फाइन." डक नाही, एय अप नाही. सूरसुद्धा वेगळा. मग आठवलं, दुकानातही ती अशीच बोलायची. पोस्टमनशीही. त्याच्या मागे धावणाऱ्या कुत्र्याशी तेवढं वेगळं.

प्लंबर गेल्यावर मी तिला इंटरव्ह्यूची गोष्ट सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अरेरे. माझ्यामुळे तुझी फजिती झाली."

"फजिती कसली, नोकरी मिळाली," मी म्हटलं. "पण एक सांग. तू बाकी कोणाशी असं बोलत नाहीस. माझ्याशीच का?"

तिने चहा मॅश करायला ठेवला. किटलीवर टोपडं चढवलं. मग सांगितलं.

तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते. ती लहान असताना सगळं घर बोटीने ऑस्ट्रेलियात आलं, आधी ॲडलेडकडे. शाळेत मधल्या सुट्टीत मुली तिला घेरून म्हणायच्या, "बस म्हण. बटर म्हण." ती बुस, बुटर म्हणायची आणि मुली हसायच्या. एका हिवाळ्यात तिने इथली बोली उचलली. त्यानंतर जुनी भाषा फक्त आईवडिलांशी. लग्न झालं ते इथल्याच माणसाशी. चांगला होता, पण आईशी तिचं बोलणं त्याला कळायचं नाही. तो वारला. वडील आधीच गेले होते. म्हाताऱ्या आईला तिने डार्विनला आणलं. इथेच, आता आम्ही राहतो त्या अर्ध्या घरात ठेवलं. आई शेवटपर्यंत "एय अप, मी डक" म्हणायची.

"ती गेल्यावर," डकआजी म्हणाली, "सगळं आवरलं, कपडे दिले, खोली रंगवली. मग कधीतरी दुधाची बाटली हातातून सटकली आणि मी काहीतरी पुटपुटले. तेव्हा लक्षात आलं की हे ऐकून कळेल असं या अख्ख्या गावात आता कोणी नाही."

"आणि मी?"

"तू आलीस, आणि मागे कपडे वाळत घालताना फोनवर बोलत होतीस. मला एक शब्द कळला नाही. पण नवऱ्याशी बोलतेस ते वेगळं आणि हे वेगळं, एवढं कळलं. चवड्यांवर उभी राहिलेली बाई टाचा टेकून उभी राहावी, तसा तुझा आवाज झाला होता. मी मनात म्हटलं, ही आईशी बोलतेय. आणि माझ्या तोंडून एय अप निघून गेलं. मला वाटलं तू हसशील, नाहीतर काय म्हणून विचारशील. तू नुसतं हॅलो म्हणालीस."

"मला कळलंच नव्हतं."

"तेच तर," ती म्हणाली. "तुला ते नुसतं इंग्रजी वाटलं."

मला रडू आलं. मी आईशी वेगळं बोलते हे पुण्यात कधी कोणाला ऐकू गेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, कारण मी त्याला ऐकू दिलं नव्हतं. आणि मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या बाईने ते कपड्यांच्या दोरीपलीकडून ओळखलं होतं. मी तिला सांबारची गोष्ट सांगितली. ती तिला इतकी आवडली की नंतर कितीतरी दिवस ती वाफ्यातली कोथिंबीर देताना "घे तुझं सांबार" म्हणायची.

पुढच्या कोरड्या मोसमात माझी आई आली. या वेळी मी अंगणात गेले नाही. विमानतळावरच, सगळ्यांसमोर, आई म्हणाली, "काऊन वो माय, वाळून गेली!" आणि मी म्हटलं, "नाई वो, तुले तसं वाटते." नवरा गाडीची डिकी उघडत होता. तो तसाच थांबला. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो आणि तो आरशात बघून हसत होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तू अशी बोलतेस तेव्हा तुझे हात पण हलतात. मी कधी पाहिलंच नव्हतं." त्याच्या आवाजात थोडी तक्रार होती. ती मला गोड वाटली.

मुलीने विचारलं, "विच मराठी इज धिस?" मी म्हटलं, "माझं." मग दिवसभर ती ज्याला त्याला "काऊन?" विचारत हिंडली.

आई आणि डकआजीची पहिली भेट स्वयंपाकघरात झाली. आई सकाळी शाल गुंडाळून बसली होती, "मले हिव वाजून राह्यलं" म्हणत. डकआजी आत आली, तिने शाल पाहिली आणि माझ्याकडे बघून एकच शब्द उच्चारला. मी आईला सांगितलं, "थे म्हणते, तुले थंडी सोसत नाई."

"खरंच म्हणते बाई," आई म्हणाली. "इले बसव. चाय मांड."

मग रोजचंच झालं. मी कामावर गेले की दोघी अंगणात बसायच्या, मुलगी दुभाषी. तिला थोडं इकडचं येत होतं, थोडं तिकडचं. ती काय भाषांतर करत असेल देव जाणे, पण संध्याकाळी मी यायची तेव्हा दोघींना एकमेकींच्या घरचं सगळं माहीत असायचं. डकआजीचे वडील खाणीतून आले की अंगणात टबात कसे बसायचे, ते आईने मला सांगितलं. हे मला डकआजीने कधी सांगितलं नव्हतं. जाताना आई म्हणाली, "मले तुही काळजी होती वो. इतक्या दूर. आता नाई. ही बाई आपल्या गावाकडची वाटते मले."

त्या दोघींच्या गप्पांतूनच बहुतेक डकआजीच्या मनाने घेतलं असावं. पुढच्या वर्षी ती इंग्लंडला गेली, जन्मगावी, लहानपणी सुटल्यावर पहिल्यांदाच. तिथे तिची एक चुलतबहीण होती. दोघींचं ख्रिसमस कार्डापलीकडे काही नव्हतं. मी तिला विमानतळावर सोडायला गेले तेव्हा ती पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपत होती. म्हणाली, "तिथे मी तोंड उघडलं आणि कोणी हसलं तर?"

ती परत आली त्या दुपारी मी कामावरून लवकर निघाले. तिने बॅगही उघडली नव्हती, आधी सगळं सांगायला बसली. खाणी बंद होऊन किती काळ लोटला होता, खाणीच्या जागी तळं आणि झाडं होती. दुकानातली पोरंसोरं टीव्हीसारखी बोलत होती. पण चुलतबहिणीने दार उघडलं, डकआजीने तोंडातून येईल ते म्हटलं, आणि ती बहीण दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, "तू आपल्या आजीसारखी बोलतेस. असं आता इथेही कोणी बोलत नाही." मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या, एक एक शब्द आठवून काढत.

"तिने विचारलं, कसं टिकवलंस गं?" डकआजी मला म्हणाली. "मी म्हटलं, शेजारीण भारतातली आहे."

किती वर्षं मी मनातल्या मनात तिचे आभार मानत होते, गाडीसाठी, नोकरीसाठी, माझ्या आईशी मला मोकळेपणी बोलता यायला लागलं त्यासाठी. माझ्याकडूनही तिला काही मिळालं असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो तसाच राहू दिला आणि पुढे सांगायला लागली. बहिणीचं घर, मागची बाग, चर्चच्या भिंतीला टेकून बसणारा एक म्हातारा, ज्याला तिचे वडील आठवत होते. ती खूप वेळ बोलली. मधे मला दोन-तीन शब्द कळले नाहीत. मी विचारले नाहीत, तिला बोलू दिलं.